सेवाभावी क्लबांची बातमी वर्षभरानंतरही छापावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानांवर सेवाभावी क्लबांच्या बातम्या नियमाने येत असतात. कुठे नव्या अध्यक्षांचे पदग्रहण झालेले असते, कुठे रक्तदान शिबिर, कुठे नेत्रतपासणी, कुठे शाळेला जलशुद्धीकरण यंत्राची भेट. आणि बातमीसोबत पाठीमागे फलक, पुढे एका रांगेत उभे पदाधिकारी व मधोमध प्रमुख पाहुणे असे छायाचित्र असते. या बातम्यांवर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून जी टीका होते, तिचा सूर ‘ही मंडळी सेवा करतात ती फोटोपुरती’ असा असतो. मी स्वतः अशा एका क्लबाचा बरीच वर्षे सभासद आहे, काही काळ सचिव होतो, एक वर्ष अध्यक्ष होतो, आणि त्या रांगेत अनेकदा उभाही राहिलो आहे. त्यामुळे ही टीका वाचताना राग येण्याऐवजी मला थोडे अवघडल्यासारखे होते. टीकेत तथ्य आहे, पण तिचा नेम चुकला आहे. फोटो काढणे हा दोष नव्हे. फोटो काढल्यानंतर त्या जागी पुन्हा कोणी न फिरकणे हा दोष आहे, आणि त्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. आपले दैनिकही नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षी आमच्या क्लबाने एका शाळेला जलशुद्धीकरण यंत्र दिले. उद्घाटन थाटात झाले, मुलांनी रांगेने येऊन पाणी पिऊन पाहिले, दुसऱ्या दिवशी बातमीही आली. दोन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी त्या शाळेत जाणे झाले, तेव्हा यंत्र जागच्या जागी होते, त्यावरचे क्लबाचे नाव स्वच्छ वाचता येत होते, आणि मुले शेजारच्या नळाचे पाणी पीत होती. फिल्टर बदलण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. शाळेला वाटत होते की ज्यांनी यंत्र दिले ते बघतील. आम्हाला वाटत होते की यंत्र आता शाळेचे झाले, शाळा बघेल. शाळेने क्लबाला एक पत्रही पाठवले होते, पण ते माझ्यानंतरच्या अध्यक्षांच्या काळात आले आणि फायलीला लागले. यात कोणी लबाडी केली नव्हती, पैसे कोणी खाल्ले नव्हते. पहिल्या तीन वर्षांच्या फिल्टरचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरला असता आणि देखभाल कोणी करायची हे देणगीपत्रावर एका ओळीत लिहिले असते, तर ते यंत्र आजही चालू असते. ती एक ओळ लिहिण्याचे सुचले नाही, कारण माझे वर्ष संपत आले होते आणि मला उद्घाटनाची घाई होती.

‘माझे वर्ष’ हा शब्दप्रयोग क्लबांच्या बाहेरच्या वाचकांना कदाचित परिचित नसेल. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते; त्या सुमारास अध्यक्ष, सचिव, खजिनदार बदलतात, वर प्रांतपाल, म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या प्रांताचे प्रमुख, बदलतात, आणि थेट आंतरराष्ट्रीय अध्यक्षही बदलतात. ही प्रथा मुळात शहाणपणाची आहे. कोणाही एकाला संस्था आपली जहागीर करता येत नाही, आणि ज्याने आयुष्यात कधी सभा चालवली नाही अशा माणसालाही वर्षभर जबाबदारी उचलून पाहता येते. पण तिची दुसरी बाजू अशी की प्रत्येक नवा अध्यक्ष नवे काहीतरी करू पाहतो. आधीच्याचे काम पुढे नेले तर त्याच्या वर्षाचा म्हणून दाखवण्यासारखा प्रकल्प उरत नाही, आणि वार्षिक पारितोषिकांच्या अर्जात जुन्या कामाच्या देखभालीसाठी रकाना असलाच तर शेवटी असतो. आमच्याकडे ‘कायमस्वरूपी प्रकल्प’ असा एक शब्द फार प्रचारात आहे. तो कोनशिलेवरही कोरला जातो. कोनशिला बहुतेक वेळा कायमस्वरूपी टिकते.

हा प्रश्न आजचा नाही, आणि या चळवळीचा इतिहास पाहिला तर उत्तरही त्यातच सापडते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना सोबत घेऊन पहिली बैठक घेतली, तेव्हा समाजसेवा हा विषयच नव्हता. अनोळखी, अफाट शहरात ओळखी व्हाव्यात आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा एवढाच हेतू होता. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, म्हणून नाव रोटरी. पुढच्याच वर्षी डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटविषयक वकिलाला सभासद होण्याबद्दल विचारले गेले, तेव्हा जो क्लब सभासदांपलीकडे कोणासाठी काही करत नाही त्याला भवितव्य नाही, अशी भूमिका त्याने घेतली. आणि त्याच्या आग्रहामुळे शहराच्या हिताचे उद्दिष्ट घटनेत आले. किवानिस या अशाच आणखी एका सेवाभावी संघटनेची वाटचालही अशीच झाली: १९१५ साली डेट्रॉइटमध्ये सुरुवात परस्परांच्या व्यवसायवृद्धीसाठी, आणि चार वर्षांत वळण सेवेकडे. लायन्सचे मेल्विन जोन्स हे विमा व्यवसायातले. १९१७ साली त्यांनी व्यावसायिकांच्या मंडळांना विचारले ते हेच, की आपापल्या यशाच्या पलीकडे आपण काही करणार आहोत की नाही. आजही एखादा नवा सभासद ओळखी वाढवण्यासाठी क्लबात आला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. संस्थापकही तसेच आले होते.

शिकागोच्या त्या क्लबाने सेवेचे पहिले मोठे काम कोणते केले, हे मी नव्या सभासदांना मुद्दाम सांगतो. त्यांनी शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून १९०७ पासून दोन वर्षे पिच्छा पुरवला. मद्यालयवाले म्हणत, पुरुषांची सोय आमच्याकडे आहे. मोठे दुकानदार म्हणत, स्त्रियांची सोय आमच्याकडे आहे. आणि दोघांनाही त्या निमित्ताने येणारे गिऱ्हाईक गमवायचे नव्हते. इतर संस्थांना एकत्र करून, नगरपालिकेच्या मागे लागून, १९०९ मध्ये ते काम पार पडले. स्वच्छतागृहासमोर उभे राहून हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढण्याची हौस कोणाला असते? तरीही त्यांनी ते निवडले, कारण शहराला त्याची गरज होती. आमच्या क्लबाच्या प्रकल्प समितीत ‘यात फोटो चांगला येणार नाही’ असे कोणी उघड बोलत नाही, पण काही सूचना फार लवकर बाजूला पडतात एवढे मी पाहिले आहे.

पांढऱ्या काठीची हकिगत याहून बोलकी आहे. अपघातात दृष्टी गेलेल्या जेम्स बिग्ज या ब्रिस्टलच्या छायाचित्रकाराने १९२१ मध्ये रहदारीत आपण लोकांना दिसावे म्हणून स्वतःची काठी पांढरी रंगवली होती. म्हणजे कल्पना नवी नव्हती. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांच्या कामाची जबाबदारी घेण्याचे आवाहन केले, ते संघटनेने स्वीकारले. आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम यांना, काळी काठी घेतलेला एक अंध माणूस रस्ता ओलांडताना चाचपडत असलेला दिसला. वाहनचालकांना ती काठी दिसतच नव्हती. क्लबाने पांढऱ्या काठ्या तयार करून वाटल्या, आणि माझ्या मते खरे काम इथून पुढचे आहे: त्याच वर्षाच्या डिसेंबरात नगरपालिकेकडून त्यांनी असा नियम करून घेतला की पांढरी काठी घेतलेल्या अंध व्यक्तीला रस्त्यावर आधी वाट द्यावी. काठ्या वाटून क्लब थांबला असता, तर त्या काठ्या झिजल्या-मोडल्यावर विषय संपला असता. नियम झाला, तो इतर शहरांनी उचलला, आणि आज जगात कुठेही पांढरी काठी दिसली की तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता आमच्या नेहमीच्या कामांकडे येतो, आणि सर्वांत आधी रक्तदानाकडे, कारण त्यात चांगुलपणा आणि अविचार इतके एकमेकांत मिसळलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. क्लबाच्या वर्धापनदिनी, अध्यक्षांच्या वाढदिवशी, किंवा १४ जूनला, म्हणजे रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांच्या जन्मदिनी येणाऱ्या जागतिक रक्तदाता दिनी, मोठे शिबिर घ्यायचे आणि पिशव्यांचा उच्चांक गाठायचा, अशी चढाओढ क्लबाक्लबांत असते. पण रक्त हे धान्य नव्हे, की कोठारात भरून ठेवले आणि लागेल तसे काढले. तांबड्या पेशी थंड तापमानात जास्तीत जास्त पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्स तर साधारण २२ अंश सेल्सिअसला सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस टिकतात. एकाच आठवड्यात तीन संस्थांनी विक्रमी शिबिरे घेतली, तर रक्तपेढीला ते सगळे रक्त मुदतीत वापरणे अवघड होते, आणि ज्यांनी त्या दिवशी रक्त दिले त्यांना पुढचे तीन-चार महिने पुन्हा देता येत नाही. मग परीक्षांच्या किंवा लांबलचक सुट्ट्यांच्या दिवसांत, जेव्हा शिबिरे नसतात, तेव्हा रुग्णाचे नातेवाईक रात्री-अपरात्री फोन करत फिरतात, आणि त्यांना ‘आताच तर दिले होते’ असे उत्तर देणाऱ्यांत आमचेही सभासद असतात.

हे एका रक्तपेढीच्या तंत्रज्ञाने मला शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा मी सचिव होतो आणि आमच्या ‘विक्रमी’ शिबिराचा अहवाल घेऊन तिच्यासमोर बसलो होतो. तिचे म्हणणे एवढेच होते की तुम्ही वर्षातून एकदा मोठ्या संख्येने येण्यापेक्षा दर महिन्याला थोडे थोडे या, येण्याआधी कोणत्या गटाचा साठा कमी आहे ते विचारा, आणि ज्यांचा गट दुर्मीळ आहे त्यांना शिबिरात बोलावूच नका. त्यांची नावे लिहून ठेवा आणि गरज पडेल तेव्हा बोलवा. ते आम्ही केले. एक वही घातली, तीत रक्तदात्याचे नाव, गट, फोन आणि मागच्या रक्तदानाची तारीख. शिबिरे लहान झाली आणि बातम्या जवळपास बंद झाल्या. दर महिन्याला वीस-पंचवीस जणांनी रक्त दिले तर त्याला कोणता वार्ताहर येणार? पुढच्या एका अध्यक्षांना हे मिळमिळीत वाटले आणि त्यांनी पुन्हा एक भव्य शिबिर घेतले. त्यात आमच्या वहीतले निम्मे दाते एकाच दिवशी ‘खर्च’ झाले. त्यांनी ते उत्साहाने केले, वाईट हेतूने नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. वही पुढे एका निवृत्त शिक्षिका असलेल्या सभासदाकडे गेली आणि अजून त्यांच्याकडेच आहे. अध्यक्ष बदलतात, वही बदलत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हरकत नाही. आमच्या क्लबात पाठपुराव्याची जेवढी कामे आज चालू आहेत, त्यांतली बहुतेक स्त्री सभासदांच्या हाती आहेत. आणि रोटरीने स्त्रियांना दार उघडले ते मात्र फार उशिरा. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे येथील क्लबाने १९७७ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून त्याची सनदच काढून घेण्यात आली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ४ मे १९८७ रोजी निकाल क्लबाच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये नियमच बदलला. इतकी वर्षे निम्म्या समाजाला दाराबाहेर ठेवून आपण ‘समाजसेवा’ हा शब्द वापरत होतो, याची थोडी लाज बाळगायला हवी.

दुसरे काम रुग्णोपयोगी साहित्याचे. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, उशाकडून वर उचलता येणारी खाट, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू एखाद्या घराला सहा आठवडे किंवा सहा महिने लागतात आणि नंतर अडगळ होतात. त्या विकत घेण्याची सर्वांची ऐपत नसते, आणि ऐपत असली तरी विकत घेण्यात अर्थ नसतो. म्हणून क्लबाने त्या अनामत घेऊन वापरायला द्याव्यात आणि परत आल्यावर दुसऱ्याला द्याव्यात, ही कल्पना इतकी सरळ आणि उपयोगी आहे की बहुतेक क्लब कधी ना कधी असे केंद्र उघडतात. ते बंद पडते तेही ठरावीक रीतीने. परत आलेली गादी धुऊन निर्जंतुक करण्याची व्यवस्था नसते. खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांत केस आणि दोरे अडकून ती फिरेनाशी होतात. दहा मिनिटांचे काम असते, पण ते करणारा नेमलेला नसतो. अनामत फार ठेवली तर गरजू परत जातो, अगदीच थोडी ठेवली तर वस्तू परत येत नाही. केंद्राची किल्ली ज्याच्याकडे असते तो गावाला जातो, आणि नेमका त्याच दिवशी कोणाचा तरी पाय मोडतो.

आमचे केंद्र एकदा असेच बंद पडले आणि पुन्हा उभे राहिले, ते नव्या वस्तू घेतल्यामुळे नव्हे. एका सभासदाने स्वतःच्या दुकानात खुर्च्यांसाठी जागा दिली, म्हणजे किल्लीचा प्रश्न दुकानाच्या वेळांनी सुटला. सायकलदुरुस्ती करणारा एक कारागीर, जो क्लबाचा सभासदही नव्हता, महिन्यातून एकदा चाके आणि ब्रेक तपासू लागला. आणि अनामत परत देताना त्या कुटुंबाला ‘काय अडचण आली’ हा एकच प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवण्याचा पायंडा पडला. त्या उत्तरांतून आम्हाला जे कळले ते कुठल्याही बैठकीत कळले नसते. कित्येक घरांच्या दारांतून खुर्ची आतच जात नव्हती. काहींना ती मिळाली, पण रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यायचे हे कोणी दाखवले नव्हते, म्हणून ती भिंतीला टेकून राहिली. त्यानंतर आमच्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट सभासदाने खुर्ची नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पंधरा मिनिटे शिकवायला सुरुवात केली. माझ्या मते आमच्या क्लबाने गेल्या कित्येक वर्षांत दिलेली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे ती पंधरा मिनिटे, आणि वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख नाही, कारण त्यांची पावती फाडलेली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात येते. रोटरीसारख्या क्लबांची रचना मुळात अशी होती की एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा; हेतू असा की एका टेबलाभोवती डॉक्टर, वकील, छापखानेवाला, बांधकाम करणारा, हिशेबनीस असे सगळे बसावेत. तो नियम पुढे सैल झाला, पण त्यातली दृष्टी आजही उपयोगी आहे. आमच्या सभासदांकडे पैसा असतो असे लोकांना वाटते, आणि कधीकधी आम्हालाही; प्रत्यक्षात बहुतेकांकडे मोठ्या देणग्या देण्याइतका पैसा नसतो, पण व्यवसायाचे ज्ञान असते. एखाद्या हिशेबनीसाने गावातल्या लहान संस्थेची हिशेबवही नीट लावून दिली, वीजकाम करणाऱ्याने वसतिगृहातल्या सगळ्या तारा तपासल्या, तर त्याचे मोल धनादेशापेक्षा कमी नसते. धनादेशाचा मोठा पुठ्ठा करून तो हातात धरता येतो, तपासलेल्या तारा धरता येत नाहीत, एवढाच फरक.

नेत्रशिबिरांबद्दल थोडक्यात. तपासणी झाली म्हणजे उपचार झाले असे नव्हे. मोतीबिंदू निघालेल्यांपैकी किती जण शस्त्रक्रियेपर्यंत पोचले, त्यांना नेण्या-आणण्याची सोय कोणी केली, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिना-सव्वा महिन्याने तपासणी झाली का, शेवटी चष्म्याचा नंबर काढून चष्मा हातात पडला का, हे विचारायला हवे. अहवालात मात्र ‘लाभार्थी’ म्हणून सकाळी नोंदणी केलेल्यांचा आकडा जातो. रोटरीत ‘चार प्रश्नांची कसोटी’ म्हणून एक गोष्ट आहे. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली एक डबघाईला आलेला उद्योग सावरताना ती लिहिली आणि रोटरीने १९४३ मध्ये स्वीकारली. आम्ही ती सभेत म्हणतो. तिचा पहिलाच प्रश्न ‘हे सत्य आहे का?’ असा आहे, आणि लाभार्थींचा रकाना भरताना तो मला हमखास आठवतो. मीही तो रकाना भरला आहे, म्हणून सांगतो.

वृक्षारोपणाबद्दल तर बोलायलाच नको. खड्डे त्याच जागी दरवर्षी खणले जातात, हे गावातली शाळकरी मुलेही ओळखून आहेत. झाड जगवायचे तर निदान तीन वर्षे पाणी आणि राखण लागते. ज्या क्लबाकडे त्याची सोय नाही त्याने रोपे लावूच नयेत, जी आधी लावली आहेत त्यांना पाणी घालावे.

यावर ‘दरवर्षी पदाधिकारी बदलतात, मग दीर्घ काम होणार कसे’ हे उत्तर नेहमी दिले जाते. मीही ते अनेक वर्षे दिले. पण रोटरीनेच पोलिओचे काम कसे केले ते पाहावे. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांना लस देण्याच्या प्रकल्पापासून सुरुवात झाली. १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम जाहीर झाली. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, तीन वर्षांत चोवीस कोटी सत्तर लाख जमले. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र यांच्यासोबत जागतिक निर्मूलन मोहीम उभी राहिली, तेव्हा १२५ देशांत दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलांना हा आजार होत होता. मोहिमेचे लक्ष्य २००० सालाचे होते आणि ते हुकले. हुकले म्हणून कोणी नवा विषय घेतला नाही. दुसऱ्या प्रकारचा मूळ विषाणू नष्ट झाल्याचे २०१५ मध्ये आणि तिसऱ्या प्रकारचा २०१९ मध्ये जाहीर झाले. मधल्या काळात, २७ मार्च २०१४ रोजी, संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. पहिल्या प्रकारचा विषाणू अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात अजून टिकून आहे, आणि काम चालूच आहे. या सगळ्याचे श्रेय एकट्या रोटरीचे मुळीच नाही. दारोदार फिरलेल्या आरोग्यसेविकांचे आणि सरकारी यंत्रणांचे ते आधी आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. १९८५ पासून या संघटनेचे अध्यक्ष दरवर्षी बदलत आले, आणि प्रत्येकाला स्वतःचे घोषवाक्य असूनही पोलिओ कोणी सोडला नाही, कारण तो कोणा एका अध्यक्षाचा प्रकल्प नव्हता, संस्थेने दिलेला शब्द होता. जे जागतिक पातळीवर चाळीस वर्षे जमले ते एका शाळेतल्या एका फिल्टरबाबत जमू नये, याला नियमांचे कारण पुरत नाही.

पैशांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण लोकांच्या मनात शंका असते आणि ती विचारायला संकोच वाटतो. सभासदांच्या वर्गणीतून क्लबाचा स्वतःचा खर्च, म्हणजे सभागृहाचे भाडे, भोजन, पदग्रहणाचा समारंभ, भागवायचा. आणि सेवेच्या नावाने लोकांकडून जमवलेला पैसा सेवेवरच खर्च करायचा, ही दोन खाती वेगळी असली पाहिजेत. लायन्समध्ये याबाबत स्पष्ट धोरण आहे, इतरांतही बहुधा हीच रीत पाळली जाते. तेव्हा समारंभाचा झगमगाट पाहून ‘आमच्या देणगीतून हे चालते’ असे समजणे सहसा बरोबर नसते. मात्र ही खाती वेगळी आहेत हे नागरिकांना दिसेल अशा रीतीने क्लब ती मांडत नाहीत, ही आमची चूक आहे. ज्यांनी मदतीच्या कार्यक्रमाची तिकिटे घेतली, त्यांना वर्षअखेरीस एक पानाचा हिशेब पाठवायला काय लागते? आम्ही तो गेल्या वर्षीपासून पाठवू लागलो. पुढच्या तिकिटविक्रीला दोन देणगीदारांनी आपणहून फोन केले.

आता आपल्याकडे विनंती. उद्घाटनाच्या बातम्या छापू नका असे माझे म्हणणे नाही. लहान गावातल्या कार्यकर्त्याला आपले नाव वर्तमानपत्रात आले की चार दिवस बळ येते, आणि ते बळ उपयोगी पडते. पण ज्या दिवशी अशी बातमी छापाल त्या दिवशी आपल्या कचेरीतल्या एखाद्या वहीत तारीख नोंदवून ठेवा, आणि बरोबर एक वर्षाने वार्ताहराला त्याच जागी पाठवा. क्लबाला आधी कळवू नका. यंत्र चालू आहे का, वाचनालयाचे कुलूप केव्हा उघडते, बाकाखालची फरशी कोणी झाडते का, एवढे पाहून चार ओळी लिहा, चांगले असेल तर चांगल्या आणि नसेल तर तशा. वर्षभराने कोणीतरी येणार आहे एवढे कळले, तरी आमच्या प्रकल्प समित्यांतले बोलणे बदलेल. पाणी देणारा माणूस ठरल्याशिवाय झाड मंजूर होणार नाही, आणि जुलैत येणाऱ्या नव्या अध्यक्षाला आधीच्याचे काम हे ओझे न वाटता परीक्षेचा पेपर वाटू लागेल.

इतर क्लबांतल्या मित्रांना हे पत्र रुचणार नाही याची मला कल्पना आहे; आमच्याच क्लबात याचा मसुदा वाचून दाखवला तेव्हा दोघा माजी अध्यक्षांनी ‘घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला’ असे विचारले. त्यांचा मान राखून मी एवढेच म्हटले की चव्हाट्यावर आपण कौतुक करून घेतो, तेव्हा धुणेही तिथेच वाळत घालायला हरकत नसावी. चर्चा बरीच रंगली आणि शेवटी बहुमताने एक ठराव झाला: यापुढे प्रत्येक प्रकल्पासोबत तीन वर्षांसाठी एक सांभाळणारा सभासद नेमायचा, तो त्या काळात कोणत्याही पदावर नसला तरी चालेल, आणि त्याने दर तिमाहीला सभेत दोन मिनिटे बोलायचे. ठराव होऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे तो कितपत पाळला जातो हे अजून दिसायचे आहे.

त्या ठरावासोबत आम्ही मागच्या पाच वर्षांतल्या सर्व कामांची यादी तयार केली आहे. चालू असलेली कामे एका बाजूला, बंद पडलेली दुसऱ्या बाजूला, आणि बंद पडलेल्यांपुढे कारण. दुसरी बाजू पहिलीपेक्षा थोडी लांब आहे. ती यादी या पत्रासोबत जोडत आहे. आपल्या वार्ताहराने त्यातले कोणतेही ठिकाण निवडावे. शाळेतले ते जलशुद्धीकरण यंत्र यादीत अजून दुसऱ्याच बाजूला आहे. नवा फिल्टर मागवला आहे, तो या महिन्यात बसेल, आणि त्यापुढे सांभाळणारा सभासद म्हणून माझे नाव लिहिले आहे.

आपला नम्र,
एका सेवाभावी क्लबाचा माजी अध्यक्ष